दोन बेथेल

शास्त्रभाग : फिलेमोनास पत्र, वचनें ८ ते १८. वाचकांनीं पुढील मजकूर वाचण्यापूर्वीं हा भाग घरांतील मंडळींसह वाचावा.



गेल्या महिन्यांत मंठा येथें उपासना आटोपल्यावर एक वृद्ध बंधु आमच्याजवळ येऊन बसले. त्यांच्या नातवाच्या शाळेच्या पुस्तकांत अमेरिकेंतील गुलामगिरीचा धडा आला होता व तो त्यानें आजोबांस वाचून दाखविला होता. ते म्हणाले, “पाळकसाहेब, ज्या देशांतून साहेबलोक आपल्याकडे शुभवर्तमान घेऊन आले, त्याच देशांत माणसें बाजारांत विकलीं जात होतीं काय? मग तो देश ख्रिस्ती कसा?” त्या वेळीं आम्हीं कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर घरीं आला व त्यानें आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. त्याचें उत्तर आज सर्व मंडळ्यांस देण्याचें योजिलें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, आपण ऋण नाकारूं नये. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन १८१३ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. कंपनी सरकारास ते नको होते. त्यांस परत धाडण्याचे हुकूम सुटले होते. तरी काम टिकलें. हॉलसाहेब १८२६ सालीं पटकीच्या आजारानें वारले. सिंथिया फरार बाई १८२७ सालीं आल्या व मराठी मुलींस शिकविण्यांत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. अहमदनगर, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, तेथें १८३१ सालीं ठाणें झालें; १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ निघूं लागला. हें सर्व विश्वासाचें फळ होय.

परंतु दुसरी गोष्टहि तितकीच खरी आहे. हॉलसाहेब स्वदेश सोडून निघाले त्या सुमारास, १८१० च्या शिरगणतींत, त्या देशांत जवळजवळ बारा लक्ष माणसें गुलाम होतीं. १८६० सालीं तोच आंकडा साडेएकोणचाळीस लक्षांवर गेला. त्यांच्या धन्यांपैकीं पुष्कळ जण बाप्तिस्मा घेतलेले होते. ते रविवारीं देवळांत बसत व सोमवारीं आईच्या कडेवरचें मूल विकीत. फार काय, मिशनरी धाडणारीं मंडळें गुलामगिरीविरुद्ध स्पष्ट बोलत नाहींत, म्हणून दुःखी होऊन कित्येक भाविकांनीं १८४६ सालीं निराळी मिशन संस्था काढिली.

आतां आपला शास्त्रभाग पाहा. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम. तो पळाला, पौलास भेटला, ख्रिस्ताचा झाला. पौल त्यास परत धाडितो. परंतु धन्यास लिहितो कीं, आतां याला गुलाम म्हणून नव्हे, तर प्रिय बंधु म्हणून घरांत घे, आणि याचें कांहीं देणें असेल तर तें मी फेडीन. हें पत्र लहान आहे, तरी अमेरिकेंत त्याचे दोन अर्थ झाले. पळालेल्या गुलामांस धरून परत देण्याचा कठोर कायदा १८५० सालीं झाला, तेव्हां त्याचे कैवारी म्हणत कीं, पौलानें नाहीं का अनेसिमास परत धाडिलें? ते ‘परत धाडिलें’ येथवर वाचीत व ‘बंधु म्हणून’ या शब्दांपाशीं पुस्तक मिटीत. गुलाम मात्र निर्गमाचें पुस्तक ऐकत व म्हणत कीं, ज्या देवानें इस्राएलास मिसरांतून काढिलें तो आमचेंहि रडणें ऐकतो. शास्त्र एकच, पण एकानें त्याची ढाल केली, दुसऱ्यानें त्याचा दिवा केला.

फिलाडेल्फिया नगरांत रिचर्ड ॲलन नांवाचा एक काळा उपदेशक होता. तो जन्मानें गुलाम; स्वतःच्या कष्टाच्या पैशांनीं त्यानें आपली सुटका विकत घेतली होती. तेथील एका देवळांत काळे बंधु प्रार्थनेस गुडघे टेकून बसले असतां, ही जागा तुमची नव्हे, असें म्हणून त्यांस ओढून उठविण्यांत आलें. ते सर्व जण उठले व बाहेर पडले. परंतु ध्यानांत ठेवा, ते देवळांतून बाहेर पडले, ख्रिस्तापासून नव्हे. ॲलन यानें लोहाराच्या दुकानाची एक जुनी इमारत घोड्यांकडून ओढवून आपल्या जागेवर आणिली, आणि १७९४ सालीं तेथें उपासना सुरू झाली. त्या देवळाचें नांव बेथेल. बेथेल म्हणजे देवाचें घर. याकोब घरांतून पळाला असतां दगड उशाला घेऊन जेथें निजला, त्या जागेस त्यानें हें नांव दिलें होतें. ज्याला निजावयास घर नाहीं त्याला देवाचें घर मिळतें, हा त्या नांवाचा अर्थ.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. गुलामांच्या प्रश्नावरून मेथॉडिस्ट मंडळी १८४४ त व बॅप्टिस्ट मंडळी १८४५ त दुभंगली. देवळें आधीं फुटलीं, राज्य मागाहून फुटलें. १८६१ पासून १८६५ पर्यंत भाऊबंदांचें युद्ध झालें व सहा लक्षांवर माणसें मेलीं. दोन्ही बाजूंचे लोक एकच बायबल वाचतात व एकाच देवाची प्रार्थना करितात, असें अध्यक्ष लिंकन यांनीं १८६५ सालीं दुःखानें म्हटलें. त्या युद्धामुळें अमेरिकेचा कापूस बंद झाला, म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला, व युद्ध संपतांच तो कोसळला. आणखी एक गोष्ट. देवावर आमचा भरवसा आहे, या अर्थाचे शब्द अमेरिकेच्या नाण्यावर प्रथम १८६४ सालीं उमटले. तेव्हां त्या देशांत गुलामगिरी कायद्यानें अद्याप पुरती नष्ट झाली नव्हती. ती १८६५ च्या डिसेंबरांत झाली. नाण्यावर देवाचें नांव घालणें सोपें आहे. ज्यावर देवाची प्रतिमा आहे त्या माणसाला नाण्यांनीं न विकणें कठीण आहे.

आतां आपल्या मुलखाकडे या. १८७३ सालीं पुणें येथील जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि काळ्या लोकांस दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस तें अर्पण केलें. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकूनहि ते आपल्या मार्गानें गेले. त्यांनीं अमेरिकेचें देऊळ पाहून तिला मान दिला नाहीं. तिचें एक कृत्य पाहून दिला. आणि त्याच १८७३ सालच्या आक्टोबरांत न्यूयॉर्क येथें ख्रिस्ती लोकांची मोठी परिषद भरली, तींत आपल्या जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्रि उभे राहिले. हे ब्राह्मण कुळांतले. १८४३ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें जालन्याकडे येऊन त्यांनीं महार व मातंग बंधूंमध्यें आपलें आयुष्य घातलें. ज्यांची सावलीहि त्यांच्या वाडवडिलांस चालत नव्हती त्यांच्यासाठीं त्यांनीं निजाम सरकारकडून जमीन मिळविली व जालन्याजवळ एक गांव वसविलें. त्या गांवाचें नांव काय? बेथेल.

बंधूंनो, सातासमुद्रांपलीकडे एक बेथेल, व मंठ्याहून एका दिवसांत जाऊन यावें इतकें जवळ दुसरें बेथेल. एक हाकलून दिलेल्यांनीं स्वतः बांधिलें; दुसरें, ज्याला हाकलण्याचा अधिकार होता त्यानें खालीं उतरून हाकललेल्यांबरोबर बांधिलें. त्या वृद्ध बंधूंच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. कोणताहि देश ख्रिस्ती नसतो. अमेरिकेच्या राज्यघटनेनेंहि तसें म्हटलेलें नाहीं. १७९१ च्या दुरुस्तीप्रमाणें तेथील काँग्रेसनें कोणताहि धर्म सरकारी करावयाचा नाहीं. यावरून तेथें अजूनहि वाद चालतो. पण सरकारचा टेकू नसतां ख्रिस्ताचें काम खुंटलें नाहीं, हें सर्वांनीं पाहिलें आहे. आपल्या भारताच्या घटनेनेंहि आपणांस धर्मस्वातंत्र्य दिलें आहे व अस्पृश्यता बंद केली आहे. सरकारकडून याहून अधिक ख्रिस्तीपणा मागण्याचें आपणांस कारण नाहीं. तो मागावयाचा आपल्या मंडळीकडून.

आणि येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. १९६३ सालीं बर्मिंगहॅम नगरांत रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग काळ्यांच्या हक्कांसाठीं तुरुंगांत गेले, तेव्हां तेथील आठ गोऱ्या धर्मगुरूंनीं, उतावीळ होऊं नका, धीर धरा, अशा आशयाचें पत्रक काढिलें होतें. ते वाईट लोक नव्हते. त्यांस शांतता हवी होती. किंग यांनीं तुरुंगांतून त्यांस लांब उत्तर लिहिलें, कीं ‘थांबा’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘कधींच नाहीं’ असा होतो. तें आम्हीं सेमिनरींत असतांना वाचिलें होतें, व गोऱ्या पाळकांस मनांतल्या मनांत दोष दिला होता.

पुढें आमच्याच एका मंडळींत एक तरुण व एक तरुणी विवाहाची इच्छा घेऊन आमच्याकडे आलीं. दोन्ही घरें तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. दोघेंहि एकाच प्रभुभोजनास बसणारीं. परंतु एका घराची पूर्वींची जात एक, दुसऱ्याची दुसरी. वडील मंडळी रागावली. आणि आम्हीं काय केलें? आम्हीं त्या दोघांस सांगितलें, “थोडें थांबा.” तें लग्न झालें नाहीं. मुलगी दुसरीकडे दिली गेली. तो तरुण आतां उपासनेस येत नाहीं. आम्हीं कोणाला देवळांतून ओढून उठविलें नाहीं. पण ‘थांबा’ म्हणून एकाला बाहेर घालविलें. फिलेमोनास पत्र वाचतांना ‘बंधु म्हणून’ या शब्दांपाशीं आम्हींहि पुस्तक मिटलें.

शास्त्रांत बेथेलाचा इतिहास याकोबापाशीं संपत नाहीं. त्याच बेथेलांत पुढें यराबाम राजानें सोन्याचें वासरूं उभें केलें, आणि आमोस संदेष्ट्यास लोकांस बजावावें लागलें कीं बेथेलाकडे जाऊं नका. नांव देवाच्या घराचें, आणि आंत वासरूं! अमेरिकेंतील देवळांत गोऱ्या कातडीचें वासरूं होतें. आपल्यांत पूर्वींच्या जातीचें आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. सोयरिकीच्या बैठकींत कोणी ‘मूळचे कोण?’ असें विचारलें, तर तेथेंच उभे राहून फिलेमोनास लिहिलेलें पत्र वाचा, आणि पुरतें वाचा. वडील जनांनीं आपल्या घरांत कोणत्या घरचें पाणी चालतें व कोणत्या घरचें चालत नाहीं, तें प्रभुभोजनापूर्वीं स्वतःस विचारावें. आणि आम्ही स्वतः येत्या आठवड्यांत त्या तरुणाच्या घरीं जाणार आहों. त्यास परत बोलावण्याआधीं आम्ही त्याची क्षमा मागणार आहों. पौलानें अनेसिमाचें देणें आपल्या अंगावर घेतलें. येथें तर देणें आमचेंच आहे.

हे प्रभु, तूं दासाचें रूप घेऊन आलास आणि आम्हांस बंधु म्हटलेंस. आमच्या घरांतील वासरूं तूं आपल्या हातानें पाड, व आमच्या लहान मंडळ्यांस खरें बेथेल कर. आमेन.