पंडित धर्म सोडतो तेव्हा

शेगावहून सातपुड्याच्या रोखाने येताना लागणाऱ्या आमच्या वरवट बकाल येथे माझ्या बालपणी एक कीर्तनकार बुवा होते. ज्यांच्या मुखाने ज्ञानेश्वरी ऐकावी म्हणून आसपासच्या खेड्यांतली माणसे गाड्या जुंपून येत, त्या बुवांनी उतारवयात महानुभाव पंथाचा उपदेश घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी गावाची भाषा पालटली. ‘बुवा फिरले’ म्हणणारे सौम्य. ‘बुवा बाटले’ म्हणणारेच अधिक. वास्तविक महानुभावांचे रिद्धपूर याच वऱ्हाडातले, आणि बुवा पूर्वी ज्याची भक्ती करीत होते त्याच श्रीकृष्णाची ते पुढेही करीत राहिले; परंतु गावाला पंथाचे दुःख नव्हतेच. ज्याचे बोट धरून आपण चाललो त्यानेच वाट सोडली, तर आजवर चाललो ती वाट तरी खरी होती काय, या शंकेचे ते दुःख होते. सामान्य माणसाने धर्म सोडला तर त्याचे घर दुखावते. उपाध्यायाने सोडला तर मागे राहिलेल्या प्रत्येकाला आपल्या श्रद्धेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

पुढे इझ्राएल झोल्ली यांचे चरित्र वाचताना मला वारंवार त्या बुवांची आठवण झाली. गॅलिशियातील ब्रोडी या गावी 1881 मध्ये जन्मलेले, मातुल घराण्याकडून धर्मशास्त्रज्ञांचा वारसा लाभलेले, त्रिएस्त येथे अनेक वर्षे धर्मगुरूचे काम केलेले आणि पादुआच्या विद्यापीठात हिब्रू शिकवलेले हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रोमच्या ज्यूंचे मुख्य धर्मगुरू होते. 1943 च्या सप्टेंबरात जर्मन अधिकारी काप्लर याने छत्तीस तासांच्या मुदतीत पन्नास किलो सोन्याची खंडणी मागितली, तेव्हा तूट पडलीच तर ती उसनी मिळावी म्हणून झोल्ली व्हॅटिकनकडे गेले होते. सोने भरले गेले, तरीही 16 ऑक्टोबर रोजी पहाटे धरपकड झालीच. त्या दिवशी धरलेल्यांपैकी हजाराहून अधिक माणसे आउश्वित्झला धाडली गेली आणि त्यांतली अवघी सोळा परतली. त्या महिन्यांत झोल्ली एका कॅथॉलिक कुटुंबाच्या आश्रयाला लपले होते, म्हणून स्वकीयांनी त्यांच्यावर कर्तव्यच्युतीचा ठपका ठेवला. रोम मुक्त झाल्यावर 1944 मध्ये ज्यूंच्या प्रायश्चित्तदिनी, त्यांच्या प्रार्थनामंदिरात उपासना चालू असता, आपणांस ख्रिस्ताचे दर्शन झाले असे ते सांगतात. आणि 13 फेब्रुवारी 1945 रोजी त्यांनी सपत्नीक बाप्तिस्मा घेतला. पोप बाराव्या पायसचे मूळ नाव एउजेनियो; तेच झोल्लींनी स्वतःला घेतले.

रोमच्या ज्यूंना काय वाटले असेल याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. ज्या समाजाची माणसे गाड्यांत कोंबून नेली गेली, ज्या समाजात सुतक नाही असे घर शोधावे लागले असते, त्या समाजाचा आचार्य, संकट टळल्यावर, वेदी सोडून निघून गेला. त्यांचा संताप मला अन्याय्य वाटत नाही. आणि तरीही झोल्ली खोटे बोलत होते असे मानण्यास मला आधार सापडत नाही. संकट शिरावर असताना बाप्तिस्मा घेतला असता तर जीव वाचविण्याची युक्ती म्हणता आली असती. तो त्यांनी घेतला तो जीवाची भीती सरल्यावर, आणि ‘नाझरेथकर’ म्हणजे येशू या विषयावरचा त्यांचा ग्रंथ त्याच्याही सात वर्षे आधीचा, 1938 चा आहे.

आपल्या भाषेत ‘बाटगा’ हा शब्द जसा, तसा हिब्रूत ‘मेशुमाद’. त्याच्या धातूचा अर्थ नष्ट करणे. जो गेला तो मेला, एवढेच नव्हे तर नष्ट झाला, असा तो निवाडा आहे. या कठोर शब्दामागे किती रक्त सांडले आहे हे मात्र स्पेनचा इतिहास पाहिल्यावाचून कळत नाही. 1391 मध्ये सेव्हिलपासून पेटलेल्या दंगलींत नगरामागून नगर ज्यूंच्या कत्तलीने हादरत असतानाच्या त्या काळात बुर्गोसचे विद्वान धर्मगुरू शलोमो हालेवी ख्रिस्ती झाले. पाब्लो दे सांता मारिया या नव्या नावाने पॅरिसमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अध्ययन केले, कार्ताहेनाचे बिशप झाले, आणि अखेरीस ज्या बुर्गोसमध्ये ते धर्मगुरू होते तेथेच बिशप म्हणून परतले. त्यांचे चाहते योशुआ हालोर्की यांनी व्याकुळ होऊन त्यांना एक पत्र लिहिले. आपण हे का केलेत, असे विचारून हालोर्कींनी चार कारणे पुढे मांडली: धनाची व मानाची लालसा, तत्त्वज्ञानाने उत्पन्न झालेला संशय, स्वजातीच्या विनाशाने आलेले नैराश्य, किंवा नव्या धर्माच्या सत्याचा खरोखर झालेला साक्षात्कार. धर्मांतराच्या कारणांची याहून प्रामाणिक यादी मी अन्यत्र पाहिली नाही. आमच्या गावानेही बुवांविषयी पारावर बसून हेच चार तर्क केले होते.

परंतु हालोर्की पुढे स्वतःच ख्रिस्ती झाले; जेरोनिमो दे सांता फे हे नाव धारण करून पोपपदाचा दावा सांगणाऱ्या तेराव्या बेनेडिक्टचे वैद्य झाले, आणि 1413–14 मध्ये तोर्तोसा येथे याच बेनेडिक्टच्या फर्मानाने धरून आणलेल्या ज्यू पंडितांशी वाद घालण्यास ख्रिस्ती पक्षाचे वकील म्हणून उभे राहिले. तेथे वादाचा निकाल आधीच ठरलेला होता. एका पक्षाच्या पाठीशी हुकूमत होती आणि दुसऱ्याच्या पाठीशी भयभीत बायकामुले. पाब्लोंच्या बाबतीतही 1412 च्या जाचक कायद्यांत त्यांचा हात असल्याचे ज्यू इतिहासकार मानतात. मला हालोर्कींच्या यादीत म्हणूनच एक उणीव भासते. माणूस का गेला हे त्याच्या अंतर्यामीचे खाते आहे, त्याचे दप्तर उघडण्याचा अधिकार इतरांस नाही. गेल्यानंतर तो मागे राहिलेल्यांशी कसा वागला, एवढेच बाहेरच्यास पाहता येते आणि तेच त्याने पाहावे. झोल्लींनी आपल्या जुन्या समाजावर राजसत्तेचा दंड बोलावला नाही. हालोर्कींनी तो स्वतःच्या हाताने उगारला. या दोघांस एकाच शब्दाने संबोधणारी भाषा, मग ती हिब्रू असो वा मराठी, सत्याशी प्रामाणिक नाही.

आमच्या मराठी मुलुखाला या प्रश्नाची दोन्ही रूपे जवळून दिसली आहेत. गोव्यात 1560 मध्ये धर्मन्यायालय बसले, आणि ख्रिस्ती झालेल्या ज्यू वंशातले विख्यात वैद्य गार्सिया द ओर्ता मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, अस्थी उकरून जाळण्याच्या शिक्षेस पात्र ठरले. तेथे धर्मांतर म्हणजे जन्मभर सरणाच्या छायेत वावरणे होते. त्याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेस, कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यांत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत ते बेने इस्राएल ज्यू शतकानुशतके निर्धास्त नांदले. त्यांचे धर्मकृत्य करणारा ‘काझी’ म्हणून ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले, मराठी बायबल त्यांच्या हाती दिले. परिणाम विपरीत झाला: ख्रिस्ती फारच थोडे झाले, उलट आपला विस्मृत शास्त्रार्थ त्यांना पुन्हा गवसला, आणि जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्यांनी त्यांच्या प्रार्थना मराठीत आणल्या. जेथे भय नव्हते तेथे परक्याने दिलेली विद्याही स्वधर्माच्याच कामी आली.

परंतु आपल्या दृष्टीने या विषयाचे खरे मर्म नीळकंठशास्त्री गोरे यांच्या चरित्रात आहे. 1825 मध्ये झाशीनजीक जन्मलेले, काशीत वाढलेले हे कोकणस्थ पंडित विशीच्या सुमारास जॉन म्यूर यांच्या, ख्रिस्तमताची बाजू मांडणाऱ्या ‘मतपरीक्षे’चे खंडन करण्यासाठी संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिते झाले. खंडन करावयाचे तर प्रतिपक्ष नीट वाचावा लागतो. शास्त्रींनी वाचला, आणि वाचताना त्यांच्याच मनात पूर्वपक्ष व उत्तरपक्ष यांची अदलाबदल होत गेली. 14 मार्च 1848 रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लवकर निवर्तली, मुलगी एलन लक्ष्मी इंग्रज कुटुंबात वाढली. ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी सहाही दर्शनांचे खंडन केले, इंग्लंडमध्ये असलेल्या पंडिता रमाबाईंना पत्रांनी ख्रिस्तमताकडे वळविले, पुण्यात एका व्रतस्थ ख्रिस्ती संघाच्या सहवासात विरक्ताचे जिणे पत्करले. आणि 1895 मध्ये मुंबईत देह ठेवीपर्यंत त्यांच्या मनाला संशयाने पुरते कधीच सोडले नाही.

यावर कोणी म्हणेल की इंग्रजांच्या राज्यात पाद्र्यांच्या पाठीशी साहेबाची छाया होतीच, मग गोऱ्यांचा वाद तरी निखळ कसा मानावा? आक्षेप रास्त आहे आणि तो मी झटकून टाकू इच्छीत नाही. ज्या काळी कलेक्टर आणि पाद्री एकाच प्रार्थनामंदिरात गुडघे टेकीत, त्या काळी ख्रिस्ती होणाऱ्या पंडिताने आपण सत्तेच्या बाजूला जाऊन बसतो आहोत हे ओळखले पाहिजे, आणि ‘दर्पणा’तील काही ठिकाणी दर्शनांविषयीची त्यांची निष्ठुरता वाचताना मला आजही क्लेश होतात. तथापि गोऱ्यांनी कोणाला कचेरीत खेचले नाही, कोणाची पोथी जप्त करविली नाही. काशीत शिकलेल्या न्यायाच्याच परिभाषेत ते हेतू आणि दृष्टांत मांडीत राहिले, आणि ज्याला उत्तर द्यावयाचे असेल त्याला त्याच परिभाषेत ते देता येत होते.

आमच्या बुवांना गावाने पुढे कीर्तनाला बोलाविले नाही. त्यांनी अभंगांच्या समासांत हाताने लिहिलेले अर्थही, ‘बाटल्या माणसाचे अक्षर’ म्हणून, कोणी वाचेना. ती वही कोठे गेली हे मला ठाऊक नाही, आणि त्या वहीची हळहळ बुवांच्या जाण्याहून मला अधिक वाटते. गोऱ्यांच्या वाट्याला याहून बरे आले. ख्रिस्ती होण्यापूर्वी स्वधर्माच्या रक्षणार्थ लिहिलेला त्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ शंभराहून अधिक वर्षांनी, 1951 मध्ये, उज्जैनच्या सिंदिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केला. सदाशिव कात्रे यांनी तो साक्षेपाने संपादिला, आणि पुढे लेखकाचे काय झाले हे माहीत असूनही, हा आमचाच ग्रंथ आहे असे समजून संपादिला.