निदान : कारण, लक्षण आणि नाव

‘निदान’ हा शब्द मराठीत दोन दिशांनी वापरला जातो. वैद्यकात तो रोगनिश्चितीचा वाचक आहे. ‘निदान एवढे तरी करा’ असे म्हणताना तो किमान अपेक्षेचा वाचक होतो. त्याचा मूळ संस्कृत अर्थ मात्र ‘आदिकारण’ असा आहे. आयुर्वेदाने रोगज्ञानाची पाच साधने सांगितली : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. माधवकराचा ‘माधवनिदान’ या नावाने प्रसिद्ध असलेला ग्रंथ याच परंपरेतला. या पंचकात निदान म्हणजे हेतू, पूर्वरूप म्हणजे रोगाची चाहूल, रूप म्हणजे प्रकट लक्षण, संप्राप्ती म्हणजे रोग घडत जाण्याची प्रक्रिया, आणि उपशय म्हणजे कोणत्या औषधाने, आहाराने वा विहाराने बरे वाटते यावरून गूढ व्याधीची पटणारी ओळख. लक्षण हे पाचांपैकी एक अंग होय. मनोविकारांची आणि विकासात्मक भिन्नतांची नावे आज ज्या सहजतेने दिली-घेतली जातात, तिचा नैतिक विचार या शब्दापासूनच सुरू करावयास हवा.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८०मध्ये आपल्या वर्गीकरणपुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली, तेव्हा कारणमीमांसेचे वाद बाजूला ठेवून लक्षणांच्या याद्यांवर भिस्त ठेवली. दोन तज्ज्ञांनी एकच रुग्ण पाहिल्यावर एकाच निष्कर्षाला यावे, हा त्यामागील हेतू होता आणि तो गैर नव्हता. परंतु या याद्या परस्परांत मिसळतात. चित्त एकाग्र न होणे हे अवधान-अस्थिरतेत आढळते, तसेच चिंताविकारात, नैराश्यात, आघातोत्तर अवस्थेत आणि निव्वळ अपुऱ्या झोपेतही आढळते. माणसांत वावरणे जड जाणे स्वमग्नतेत दिसते, तसेच सामाजिक भयातही. १९९४च्या चौथ्या आवृत्तीनुसार स्वमग्नतेच्या जोडीला अवधान-अस्थिरतेचे वेगळे निदान देता येत नसे. २०१३च्या पाचव्या आवृत्तीने ती आडकाठी काढली आणि अ‍ॅस्पर्जर हे स्वतंत्र नावही स्वमग्नतेच्या विस्तृत पटात विलीन केले. या सीमारेषा निसर्गात आयत्या सापडलेल्या नाहीत. त्या माणसांनी विचारपूर्वक, पण बदलत्या आकलनानुसार आखलेल्या आहेत. त्यामुळे दुःख खोटे ठरत नाही. ठरते ते एवढेच की, आपण ज्याला निदान म्हणतो ते बहुधा ‘रूप’ असते आणि शब्द मात्र कारणाचे आश्वासन देतो.

साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण परकी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात वावरलेल्या गोविंदप्रभूंचे चरित्र म्हाइंभटांनी सिद्ध केले. त्यातील गोविंदप्रभू रूढ शिष्टाचार जुमानत नाहीत, कोणाच्याही घरी जातात, मुलासारखे खेळतात, क्षणात रागावतात. गावातले लोक त्यांना वेडे म्हणतात आणि ईश्वरही म्हणतात. चरित्रकाराची श्रद्धा उघड आहे. तरीही लोकांच्या तोंडचा पहिला शब्द त्याने पुसून टाकलेला नाही. आजचा एखादा वाचक हाती यादी घेऊन या लीळांसमोर बसला, तर तासाभरात त्याला तीन-चार विकारनामे सापडतील. ती सापडल्यावर संहितेविषयी त्याला नवे काय कळेल? गाव त्या वागण्याला जागा कशी देते, कोठे अडवते, एकाच माणसासाठी दोन परस्परविरोधी नावे कशी वागवते, हे जे या चरित्रातले खरे ज्ञान, ते त्या नावांखाली दबून जाईल. लक्षणे जुळली म्हणून अर्थ लागला, असे समीक्षेत होत नाही. जगण्यातही होऊ नये.

तथापि, येथे थांबणे अन्यायाचे होईल. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील एखादी विद्यार्थिनी मोबाइलवरील प्रश्नावली सोडवून ‘मला अमुक आहे’ असे म्हणते, तेव्हा तिची थट्टा करणे सोपे असते. पण त्या नावापूर्वी तिच्या वाट्याला कोणती नावे आलेली असतात? आळशी, धांदरट, घुमी, ‘येडी’. ही निदानेच आहेत. फक्त ती कोणत्याही परीक्षेवाचून दिलेली, आणि दोष ठेवणारी आहेत. त्यांच्या तुलनेत पुस्तकी नाव हे सुटकेसारखे वाटले तर नवल नाही. शिवाय ज्यांच्यापर्यंत नाव पोहोचतच नाही, ते संख्येने किती मोठे! अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविल्या गेलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी उपचाराची वाट धरली होती. दीड वर्षानंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के आढळले. नावाची ओळख करून देणे हेही उपचाराचे दार उघडणे असते. अतिनिदान आणि अनिदान एकाच जिल्ह्यात शेजारी-शेजारी नांदतात, आणि एकाविरुद्धचा युक्तिवाद दुसऱ्याच्या पथ्यावर पडू शकतो.

नावाची ताकद वऱ्हाडाला आणखी एका कठोर प्रकारे ठाऊक आहे. २००६च्या शासननिर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांच्या मदतीची तरतूद केली आणि त्यासाठी नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा असे निकष आले. तेव्हापासून मृत्यूंची ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागणी आपल्या परिचयाची झाली. कारण म्हणून आजारपण वा व्यसन नोंदले गेले, तर प्रकरण अपात्र ठरू शकते. म्हणजे ‘नैराश्य’ हा जो शब्द जिवंत माणसाला वाचवू शकतो, तोच मृत्यूनंतर कापसाच्या भावाला आणि कर्जाला साक्षीच्या पिंजऱ्यातून मुक्त करू शकतो. खरे पाहता कर्ज आणि नैराश्य हे परस्परांचे पर्याय नव्हेत. आयुर्वेदाच्या परिभाषेत एक हेतू आहे, दुसरे रूप. रूपाला हेतूच्या जागी बसविणे ही केवळ तार्किक चूक नाही. तीत कोणाची तरी जबाबदारी नाहीशी होते.

हाच निकष स्वयंनिदानालाही लावता येतो. तत्त्वचिंतक इयन हॅकिंग यांनी दाखविले की, माणसांचे वर्गीकरण दगडांच्या वर्गीकरणासारखे नसते. नाव मिळताच माणूस त्या नावाच्या अनुरोधाने बदलतो आणि बदललेली माणसे पुढे नावाचा अर्थही बदलतात. ‘माझे लक्ष लागत नाही’ या वाक्यात पुढचा प्रश्न शिल्लक असतो : केव्हापासून, कशात, कोणाच्या सहवासात? ‘मी अमुक आहे’ या वाक्यात तो संपण्याची भीती असते. विद्यार्थिनीचे म्हणणे ही साक्ष आहे आणि तिच्या दुःखाविषयी तिच्याइतकी अधिकारी साक्ष दुसरी नाही. पण साक्ष आणि निवाडा यांत अंतर राहावे. ते राखण्याची जबाबदारी तिच्या एकटीची नाही. घाईने शिक्का देणाऱ्या तज्ज्ञाची, तसेच ‘हे सगळे मनाचे खेळ’ म्हणून उठून जाणाऱ्या शिक्षकाची आणि पालकाचीही आहे.

म्हणून पाचांपैकी उपशयाचे स्मरण विशेष अगत्याचे वाटते. उपशयात ज्ञान एका बैठकीत पुरे होत नाही. काय दिल्याने बरे वाटले हे पाहावे लागते, आणि त्यासाठी पाहणाऱ्याला जवळ थांबावे लागते. नाव देऊन निघून जाणाऱ्याला ते कळत नाही. नाव घेऊन एकट्याने बसणाऱ्यालाही नाही. मराठीने ‘निदान’ या शब्दाला ‘किमान’ हा अर्थ दिला, तो या दृष्टीने उद्बोधक आहे. विकाराचे नाव ही समजुतीची किमान पायरी होय. निदान तेवढी तरी प्रत्येकाला मिळावी, आणि ती शेवटची मानली जाऊ नये.