थांबायचे कोणी?

रस्ता ही नीतिविचाराची जागा आहे असे सहसा कोणी मानीत नाही. नीतीचा विचार आपण घरात करतो, न्यायालयात करतो, निवडणुकीच्या सभेत तर फारच मोठ्याने करतो. रस्ता मात्र इंजिनियरांच्या आणि पोलिसांच्या स्वाधीन केलेला असतो. त्याची रुंदी, त्याचे डांबर, त्यावरचे खड्डे यांबद्दल आपण तक्रार करतो. पण त्यावरून जाणाऱ्या माणसांचे एकमेकांशी नाते काय असावे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. वस्तुतः शहरातल्या माणसाचा परक्या माणसाशी जितका संबंध रस्त्यावर येतो तितका अन्यत्र क्वचितच येतो. घरात आपली माणसे असतात, कचेरीत ओळखीची असतात. ज्याचे नाव, जात, पगार, स्वभाव यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नाही आणि ज्याच्याशी पुन्हा गाठ पडण्याचा संभवही नाही, अशा माणसाशी आपण कसे वागतो याची कसोटी रस्त्यावरच लागते.

ही कसोटी एका साध्या प्रश्नाच्या रूपाने समोर येते. दोघांना एकाच वेळी एकाच जागेतून जायचे आहे, तर थांबायचे कोणी? पुण्याच्या किंवा मुंबईच्या कोणत्याही चौकात दिवसातून हजारो वेळा हा प्रश्न उभा राहतो आणि हजारो वेळा तो एकाच रीतीने सुटतो. ज्याचे वाहन जड तो आधी जातो, ज्याचे हलके तो मागाहून, आणि ज्याच्यापाशी दोन पायांखेरीज काही नाही तो सर्वांच्या शेवटी. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. लिहिलेला नाही म्हणून तो कोणी तपासलेलाही नाही.

काही ठिकाणी मात्र तो आकड्यांत लिहिलेला सापडतो. रस्ता ओलांडण्यासाठी सिग्नलवर किती सेकंद द्यावे, हे ठरवताना माणूस एका सेकंदात सुमारे १.२ मीटर चालतो असे धरण्याची रीत आहे. समजा, रस्ता २४ मीटर रुंद आहे. या हिशेबाने तो ओलांडायला २० सेकंद पुरतात. आता गुडघे दुखणारी एक वृद्ध बाई सेकंदाला ०.८ मीटर या गतीने निघाली, तर विसाव्या सेकंदाला ती सोळाव्या मीटरवर असते. उरलेले आठ मीटर तिने कोणाच्या भरवशावर चालायचे? सिग्नल बसवणाऱ्याच्या मनात तिच्याविषयी दुष्टावा असतो असे मुळीच नाही. त्याने एका सरासरी माणसाची कल्पना केली आणि ती बाई त्या कल्पनेत बसली नाही, इतकेच. परंतु नागरिक म्हणजे कोण, याची एक व्याख्या त्या २० सेकंदांत झालेली असते. ती व्याख्या त्या बाईला बाहेर ठेवते.

तिला आणखी दहा सेकंद द्यायचे तर मोटारीत बसलेल्यांना दहा सेकंद अधिक थांबावे लागेल. येथे कोणी म्हणेल, दहा सेकंद ते दहा सेकंदच. एकाचे वाचवून दुसऱ्याचे घेण्यात न्याय तो कोणता? घड्याळाच्या दृष्टीने हे खरे आहे. पण सावलीत, गादीवर बसून काढलेले दहा सेकंद आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांचे आवाज वाढत असताना रस्त्याच्या मध्यावर काढलेले दहा सेकंद यांना एकाच तागडीत घालता येत नाही. एकाचा वेळ जातो, दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मेली, असे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. ज्यांच्यामुळे रस्त्यावर कोणाला इजा होण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यांच्या वाट्याला मृत्यूचा जवळजवळ पाचवा हिस्सा यावा, ही गोष्ट केवळ दुर्दैवाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येणार नाही.

हे असे का झाले, याचा शोध आपल्या भाषेतही घेता येतो. ‘वाहतूक’ या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे वाहनेच येतात. ‘वाहतूक विस्कळीत झाली’ असे आपण वाचतो तेव्हा गाड्या अडल्या असे समजतो; माणसे अडली तर त्याला आपण ‘गर्दी’ म्हणतो. मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतुकीचा जो सर्वंकष अभ्यास २००८ साली पुरा झाला, त्यात एकूण फेऱ्यांपैकी सुमारे निम्म्या पायीच होतात असे दिसून आले. म्हणजे जी निम्मी वाहतूक आहे तिला आपण वाहतूक म्हणतच नाही. मग रस्तारुंदी निघाली की पदपथ आक्रसावा, आणि पदपथ आक्रसूनही त्या कामाचे नाव ‘रस्तारुंदी’च राहावे, यात आश्चर्य ते काय?

‘वहिवाट’ हा आपला एक जुना शब्द आहे. ज्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे शेतावर जात आली, तो बांध कोणी काटे टाकून अडवला तर शेतकऱ्याला आजही तहसीलदाराकडे दाद मागता येते. १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय अधिनियमात तशी सोयच आहे. गावातल्या गरिबातल्या गरीब माणसालाही ठाऊक असते की चालून चालून पडलेल्या वाटेवर चालणाऱ्याचा काही हक्क असतो. हाच माणूस शहरात येतो आणि त्याची वहिवाट संपते. घरापासून बसथांब्यापर्यंतच्या पदपथावर आज रोहित्र बसते, उद्या मोटार उभी राहते, परवा खोदकामाचा राडारोडा पडतो. तो मुकाट्याने रस्त्यात उतरतो आणि जीव मुठीत धरून चालू लागतो. आपली वाट कोणी अडवली आहे असे त्याला वाटत नाही. उलट आपणच कोणाच्या तरी वाटेत आलो आहोत असे वाटून तो अंग चोरतो. हक्क गेल्यापेक्षा हक्काची जाणीव गेली, ही हानी मोठी आहे.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्रॅम सुरू झाली, १९०७ साली ती विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर या फेरीने तिचा शेवट झाला. नव्वद वर्षे जिने सामान्य माणसाला थोड्या पैशांत पोचवले, ती गर्दीच्या रस्त्यात अडचण मानली जाऊ लागली होती. त्यानंतर मोटारी वाढत गेल्या आणि रस्ते अधिकच तुंबले. पुढे २००८ साली वांद्रे स्थानकाच्या पूर्वेस स्कायवॉक खुला झाला आणि पाठोपाठ महानगरात असे अनेक उंच पूल उभे राहिले. स्थानकातून उसळणाऱ्या गर्दीला त्यांचा काही ठिकाणी उपयोग झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यामागील विचार नीट न्याहाळला पाहिजे. जो बसून जातो त्याच्यासाठी जमीन सपाट राखायची, आणि जो डोक्यावर ओझे, कडेवर मूल घेऊन चालतो त्याने जिने चढायचे. ज्याच्यापाशी इंजिनाचे बळ आहे त्याचे श्रम वाचवण्यासाठी ज्याच्यापाशी केवळ शरीराचे बळ आहे त्याला श्रम करायला लावायचे, या न्यायाला काय म्हणावे?

येथे दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज ते दुचाकींचे शहर आहे. या दुचाकीवर बसलेला माणूस बहुधा श्रीमंत नसतो. पगारातून हप्ते भरून त्याने ती घेतलेली असते. पुण्याच्या मुलींना आणि बायकांना तर स्कूटरने जे स्वातंत्र्य दिले ते अनेक व्याख्यानांनी दिले नसते. रात्री उशिरा शिकवणीहून किंवा कामावरून कोणाची वाट न पाहता, कोणाचे धक्के न खाता घरी येता येणे ही लहान गोष्ट नव्हे. अशा माणसाला ‘तू रस्ता अडवतोस’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला?

कोणालाच नाही. पण त्याने स्कूटर कोणत्या परिस्थितीत घेतली हे विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे. बस वेळेवर आली नाही, थांब्यावर सावली नव्हती, थांब्यापर्यंत धड चालत जाता आले नाही, म्हणून त्याने ती घेतली. त्याने घेतल्यामुळे रस्त्यावर एक वाहन वाढले, बस आणखी रखडली, आणि तिची वाट पाहणाऱ्या दुसऱ्याने तोच निर्णय केला. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा आणि सर्वांचा मिळून परिणाम सर्वांच्याच हालाचा, असा हा विचित्र हिशेब आहे. याला आपण निवड म्हणतो खरे. पण जिथे दुसरी वाट उरलेलीच नाही तिथे निवड कसली? स्वातंत्र्य मोटार घेता येण्यात आहेच, पण मोटार न घेताही सन्मानाने जगता येण्यात ते अधिक आहे.

पदपथावरच्या फेरीवाल्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला; त्याच वेळी पदपथ हे चालणाऱ्यांसाठी असतात असेही सांगितले. २०१४ साली फेरीवाल्यांसाठी कायदा झाला. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात येतो असे म्हटले. दोन्ही हक्क खरे आहेत आणि दोन्ही दोन मीटरांच्या पट्टीत येऊन भांडत आहेत. भाजी विकणारी आणि भाजी घेऊन घरी जाणारी, या दोघींना आपण त्या पट्टीवर एकमेकींविरुद्ध उभे करतो आणि शेजारच्या वीस मीटरांचा हिशेब कोणी विचारीत नाही. तिथे उभ्या असलेल्या एका मोटारीच्या जागेत तीन-चार टोपल्या सहज मावल्या असत्या. टंचाई जागेची आहे असे सांगितले जाते. खरी टंचाई वाटणीच्या विचाराची आहे.

एवढे म्हटल्यावर कोणाला वाटेल की मोटार हीच सर्व पापांची जननी, ती गेली की न्याय आपोआप येईल. तसेही नाही. माथेरानात दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी आहे. तिथली शांतता, तिथली तांबडी माती, झाडांखालून चालण्याचे सुख आपण सर्वांनी वाखाणले आहे. पण त्याच वाटांवर माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून चढावर ओढीत न्यावे, ही प्रथाही चालत आली, आणि ती सहा महिन्यांत थांबवा असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले. ज्याच्यापाशी पैसा त्याने बसायचे आणि ज्याच्यापाशी नाही त्याने धापा टाकायच्या, हा संबंध मोटारीच्या आधीपासूनचा आहे. मोटारीने त्याला वेग दिला आणि काचा लावल्या.

मग नियम कोणता असावा? माझ्या मते तो एका वाक्यात सांगता येतो. थांबल्याने ज्याचे कमी बिघडते त्याने थांबावे. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. तेव्हा ज्याच्या हाती ही शक्ती आहे, आवरण्याची जबाबदारीही त्याचीच. साठ माणसांची बस आणि एका माणसाची मोटार समोरासमोर आली तर मोटारीने थांबावे, कारण तिथे एक वाहन एका वाहनासाठी थांबत नसून एक माणूस साठ माणसांसाठी थांबत असतो. रस्ते वाहने हलवण्यासाठी नसून माणसे हलवण्यासाठी आहेत, हे तत्त्व भारत सरकारच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच मान्य केले आहे. त्याच वर्षी पुण्यात बससाठी वेगळा मार्ग राखण्याचा प्रयोग सुरू झाला. तो अर्धवट राहिला, त्या मार्गात इतर वाहने घुसली, आणि पुढे नगर रस्त्यावरचा तसा मार्ग तर उखडूनच टाकण्यात आला. २०१६ साली पुणे महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, २०२१ च्या डिसेंबरात लक्ष्मी रस्ता एक दिवस चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवून ‘पादचारी दिन’ही साजरा केला. धोरण आहे, तत्त्व आहे, न्यायालयाचा शब्द आहे. नाही ती थांबण्याची तयारी.

आणि ही तयारी दयेपोटी नको. पादचाऱ्याला हात दाखवून ‘जा’ म्हणणारा मोटारवाला भला माणूस असेल. पण जोवर त्या हाताची वाट पाहावी लागते तोवर चालणारा याचकच राहतो. दया देणाऱ्याच्या मनावर असते, न्याय रस्त्याच्या रचनेत उतरतो. पदपथाची कड पंधरा सेंटिमीटरांहून उंच नसावी, गल्लीच्या तोंडाशी तो तुटू नये, चौकात तीस सेकंद मिळावे, बस ठरल्या वेळी यावी, या फार क्षुल्लक गोष्टी वाटतात. पण लहान मूल एकटे शाळेत जाऊ शकते की नाही, आजोबा संध्याकाळी मित्राच्या घरी जाऊ शकतात की खिडकीशीच बसून राहतात, आंधळ्या माणसाला कोणाचा हात न धरता बाहेर पडता येते की नाही, हे याच क्षुल्लक गोष्टींवर ठरते. शिवाय चालणारे म्हणून काही वेगळी जात नाही. मोटारीतला माणूसही ती उभी केल्यावर चालतोच. आणि आज ना उद्या गाडीचे चाक हातून सुटून काठी हाती येण्याचा दिवस प्रत्येकाचा ठरलेला आहे.

हे आपल्याला जमणार नाही, आपल्या माणसांना शिस्त नाही, असे म्हणणाऱ्यांनी आषाढवारीच्या दिवसांत पुण्यात यावे. आळंदीची आणि देहूची पालखी शहरात शिरते तेव्हा मोठमोठे रस्ते वाहनांना बंद होतात. दोन रात्री पालख्यांचा मुक्काम पेठांत असतो. लाखो माणसे पायी येतात, पायी जातात, आणि सारे शहर त्यांच्यासाठी थांबते. घाईची माणसे लांबच्या रस्त्याने जातात, कोणी दारात पाणी घेऊन उभे राहते, कोणी चालणाऱ्याच्या पायाला हात लावून नमस्कार करते. पायी चालणाऱ्याला मान द्यायचा असतो हे या शहराला शिकवावे लागत नाही. त्या पायांत आणि एरवीच्या दिवशी धुणीभांड्यांच्या कामाला चार घरे चालत जाणाऱ्या बाईच्या पायांत आपण कोणता भेद करतो, आणि तो कशाच्या आधारावर करतो, एवढेच आपण स्वतःला विचारायचे आहे.