सोंग आणि ढोंग

सोंग आणि ढोंग हे दोन शब्द आपल्या बोलण्यात जोडीने फिरतात, म्हणून पुष्कळांना ते एकाच अर्थाचे वाटतात. कीर्तन आटोपल्यावर भाविक मंडळी आम्हांस विचारतात, "महाराज, मन अजून ताळ्यावर नाही, राग सुटत नाही, मग गळ्यात माळ घालायची हे ढोंगच नाही का?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालायचे नाही.

न्यायशास्त्रात भ्रम आणि आहार्य ज्ञान असा भेद सांगितला आहे. अंधारात दोरी पाहून 'साप, साप' म्हणून माणूस पळतो, तो भ्रम; ती दोरी आहे हे त्याला ठाऊकच नसते. पण दोरी आहे हे पक्के ठाऊक असून आपल्या इच्छेने तिला साप मानणे, ते आहार्य ज्ञान. पोरांचा सगळा खेळ या दुसऱ्या जातीचा.

लहानपणी आम्हां चार भावंडांची दिंडी माजघरातून निघे. वडिलांचे उपरणे डोक्याला गुंडाळले की ते डोळ्यांवर येई, आईचे लुगडे जमिनीवरून लोळे. कोळशाच्या मिशा, डब्यांच्या झाकणांचे टाळ, आणि थोरल्या अक्काच्या हाती लाटण्याची वीणा. धाकट्याला पाटावर कमरेवर हात ठेवून उभे करायचे, तो विठोबा. घटकाभरात तो रडू लागे, "मला नाही देव व्हायचं, मलापण नाचायचंय!" मग अक्का त्याला खाली घेई आणि दुसरे कोणी पाटावर चढे. लाटणे हे लाटणेच आहे हे चौघांनाही ठाऊक होते. कोणी कोणाला फसवीत नव्हते. वेष उसना होता, पण पाऊल खरे पडत होते. पावली आम्ही तिथेच शिकलो.

नाथमहाराजांनी (१५३३–१५९९) भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी अशी किती सोंगे घेतली! ऐकणाऱ्याला ठाऊक असते की आत नाथच बोलताहेत. ते ठाऊक असल्यानेच उपदेश हसतखेळत गळी उतरतो.

ढोंगाच्या खुणा दोन. समोरच्याला खरे कळू नये ही इच्छा, आणि त्याच्या न कळण्यातून आपला लाभ साधावा ही दुसरी. गळ्यात माळ पाहून गिऱ्हाईक काट्याकडे बघत नाही, हे हेरून जो मापात मारतो, तो ढोंगी. तेथे माळेचा काही दोष नाही हो. गिऱ्हाइकाच्या विश्वासाची चोरी झाली, दोष तिचा.

यावर कोणी म्हणेल, पोरे जेवणाची हाक आली की वेष उतरून ठेवतात, माळ तशी उतरत नाही. मग हा दृष्टांत लागू कसा? शंका रास्त आहे. माळ हा नुसता वेष नव्हे, तो दिलेला शब्द आहे. एकादशी, पंढरीची वारी, अभक्ष्याचा त्याग, परस्त्री मातेसमान, हे सारे तिच्या पाठोपाठ येते. 'मी शुद्ध झालो' असा दावा माळ करीत नाही, 'मी या वाटेने चालेन' एवढेच ती बोलते. चालणारा अडखळला म्हणून शब्द खोटा होत नाही. चालणे सोडून द्यावे आणि माळ मात्र लोकांना दाखवीत फिरावे, त्या दिवशी तो खोटा होतो.

विवेकचूडामणीत नटाचा दृष्टांत आहे. वेष चढवो की उतरवो, नट माणूसच असतो; तसा ज्ञानी सदैव ब्रह्मच असतो. ती ज्ञान्यांची गोष्ट झाली. तुम्हांआम्हांला वेषाचा आधार लागतो. अंगावर बुक्का, गळ्यात तुळस असली म्हणजे तोंडाशी आलेली शिवी पुष्कळदा मागे फिरते.

तेव्हा मन शुद्ध होण्याची वाट पाहत बसू नका. माळ घाला, आणि कोणी साधू म्हणून पायां पडू लागला तर त्याला सांगा, "बाबा, अजून शिकतोच आहे," आणि आपणही त्याच्या पायांवर डोके ठेवा. वारीची रीतच तशी आहे. तेथे ढोंगाला उभे राहायला जागा उरत नाही.

रामकृष्णहरि!