युगपत् म्हणजे एका जुवाखाली

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवासे येथे पैसाच्या खांबाचे दर्शन घेऊन आम्ही बसलो होतो. एका शेतकरी माळकऱ्याने विचारले, "महाराज, काल कीर्तनात तुम्ही 'युगपत्' म्हणालात. ते काय असतं?"

"एकाच वेळी घडणे," आम्ही सांगितले. त्यास 'एकदम' म्हणून भागत नाही. त्यात 'अचानक' असाही अर्थ शिरतो. शास्त्री मंडळी 'एकसमयावच्छेदेकरून' असा लांबलचक शब्द योजतात. अवच्छेद म्हणजे मर्यादा. एका क्षणाच्या मर्यादेत घडलेले ते. युगपत् मात्र घरचा शब्द. 'युग' म्हणजे मुळात जू. आपला 'जू' त्यातूनच आला. एक बैल पुढे नि दुसरा मागे ओढू लागला की तास वाकडे जाते. दोघे जोडीने चालले, ते युगपत्.

आता न्यायशास्त्र म्हणते, मन अणुरूप. त्यास दोन ज्ञाने युगपत् होत नाहीत. कमळाच्या शंभर पाकळ्यांच्या चळतीत सुई खुपसली तर साऱ्या एकदम भेदल्याशा वाटतात. वस्तुतः एकीमागून एक. आमचेच पहा ना! मुखाने 'विठ्ठल विठ्ठल' चालले होते आणि मन मंडपातली माणसे मोजीत होते. वाटले, दोन्ही साधते. कसले साधते! त्या रात्री नाम झाले ते जिभेचे, आमचे नव्हे.

माळकरी म्हणाला, "मग दिंडीत टाळ, पाय नि नाम संगं कसं चालतं?"

प्रश्न खरा. अहो, तेथे मन तिघांकडे धावत नाही. ते एका विठ्ठलापाशी लागते. हात नि पाय अभ्यासाने त्यामागे येतात. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये याच नेवाशात माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. सांगणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. दोघांचे चित्त एकाच अर्थावर. कामे दोन, जू एक.

तेव्हा वारीत चालताना अभंग संपला की मनास विचारावे, "बाबा, तू कुठे होतास?" बाजारात सापडले तर खंत करीत बसू नये. बैलाने मान काढून घेतली म्हणून शेतकरी पेरणी सोडून देत नाही. चुचकारून त्यास पुन्हा जुवाखाली आणतो.

रामकृष्ण हरि.