पंचवीस रुपये महिना

एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत पोहोचलेल्या एका मुलापुढे पुढच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला. वडिलांची पेन्शन तोकडी, घर म्हणजे परळच्या चाळीतली खोली. लेखक-शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर त्याला घेऊन बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले. भीमराव आंबेडकर 1912 मध्ये बी.ए. झाले. कोलंबियाची शिष्यवृत्ती त्यानंतरची, आणि आपल्या भाषणांत येते ती तीच. पण कोलंबियाला जायला आधी बी.ए. व्हावे लागते.

उच्च शिक्षणाला दिलेल्या देणग्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे मात्र राजाबाई टॉवर येतो. प्रेमचंद रायचंदांनी 1864 मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्याला आईचे नाव लागले. कावसजी जहांगीर रेडिमनींच्या लाखातून दीक्षान्त सभागृह आले. गंमत अशी, की तेव्हाचे विद्यापीठ स्वतः कुणालाच शिकवत नव्हते. ते परीक्षा घ्यायचे आणि पदव्या द्यायचे. शिकवायची ती कॉलेजे. म्हणजे ज्या वास्तूत विद्यार्थी वर्षातून फार तर दोनदा पाऊल टाकणार, तिच्यावर सगळ्यात मोठी रक्कम गेली. मनोरा देखणा आहे, ग्रंथालयाने पिढ्यांची सोय केली, हे मान्य. तरीही देणगीदाराची नजर कुठे वळते, ते तिथे स्वच्छ दिसते.

नाव लागले म्हणून देणगी हलकी ठरते, असे मला म्हणायचे नाही. विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख देऊ केले आणि विद्यापीठाला आईचे नाव दिले. पण त्या रकमेचे साडेतीन टक्क्यांनी होणारे साडेबावन्न हजारांचे व्याज साल-दरसाल चालत्या खर्चाला मिळणार होते. शिक्षिकेचा पगार अशा पैशातून निघतो, कोनशिलेतून नाही.

मी शिकवत असताना नव्या सभागृहाच्या नामफलकावरून आमच्याकडे दोन बैठका झाल्या. वडिलांच्या नावाची अक्षरे संस्थेच्या नावापेक्षा लहान का, असा देणगीदारांचा सवाल होता. त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाची दोन मुले एका डब्यात जेवताना पाहिली. पाच पोळ्यांतल्या दोन-दोन आपापल्या, पाचवी मधोमध मोडून. महिना संपेपर्यंत असेच चालते, त्यांनी सहज सांगितले. कॉलेजच्या गरीब विद्यार्थी फंडात तेव्हा जे काही होते, त्यातून परीक्षा फीच कशीबशी भागायची. डब्याचा विषय बैठकीत निघालाच नाही. मीही काढला नाही.

पुण्यात पूर्वी मुले वार लावून जेवायची: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्या व्यवस्थेचे कौतुक आपण भरभरून करतो, पण तो वार कुणाला मिळे? आपल्याच जातीच्या मुलाला. खासगी दानाचे हे जुने दुखणे आहे. देणारा ओळखीच्यालाच आधी पाहतो. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगे उभी केली ती यावरच्या उपायासाठी. ज्याला कुणी वार देणार नव्हते, त्याला निदान छप्पर आणि ताट मिळाले. भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. नंतर मुष्टिफंड आला: दळायला बसताना बाईने एक मूठ धान्य संस्थेसाठी बाजूला काढायचे. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा 'कमवा आणि शिका' त्याच्या पायातच होते. मूठभर धान्य देणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच दगडावर नाही. पण कोणता मुलगा शिकेल हे ठरवायचा हट्टही तिने धरला नाही. दानाचा हा प्रकार मला सर्वांत वरचा वाटतो.

पदवी शिक्षणाचा भार खरे तर सरकारने उचलायचा असतो, आणि देणग्यांचे आकडे दाखवून त्याला अंग काढून घेऊ देता कामा नये. अनुदानित कॉलेजातले पगार सरकारी तिजोरीतूनच यायला हवेत. पण खोलीभाडे, डबा, एसटीचा पास, उशिरा येणाऱ्या शिष्यवृत्तीपर्यंतचे चार-सहा महिने, या फटी सरकारी तक्त्यात बसत नाहीत. मूल गळते ते इथून.

त्यासाठी कायमची ठेव ठेवायची, तर तिचा हिशेब मात्र नीट करावा लागतो. एक लाखाची ठेव सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार देते. महिन्याला सहाशेही नाहीत. सगळे व्याज वाटून टाकले, तर दहा वर्षांनी त्याच सात हजारांची किंमत महागाईने बरीच घटलेली असते. जुन्या बक्षिसांची रक्कम आज हास्यास्पद वाटते ती यामुळेच. व्याजाचा काही भाग मुदलात परत टाकावा, नाहीतर ठेव न करता दरवर्षी थेट पैसे द्यावेत.

आणि वेळ पाहावी. आपली स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत होतात, धनादेश तेव्हाच व्यासपीठावर दिले जातात. फी आणि खोलीचे डिपॉझिट जूनमध्ये भरायचे असते. तुम्ही देणार असाल तर जूनमध्ये द्या, आणि देताना एवढेच विचारा, की यातून डब्याचे पैसे देता येतील का.