मुका खांदा

जू घासून घासून बैलाचा खांदा येतो. सुजलेल्या जागी मज्जातंतू इतके हळवे होतात की एरवी जाणवणारही नाही असा स्पर्श झोंबतो. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्या प्रकाशात खांदेमळणी व्हायची. हळद-तूप चोळता चोळता आजोबांची बोटं गाठ शोधायची. कातडी थरथरली की हात थांबायचा. "बैल बोलत नही, पन त्याले दुखस," एवढंच म्हणायचे.

शास्त्रज्ञ तेच मेंदूत शोधतात. १८७५ साली रिचर्ड केटन यांनी सशांच्या आणि माकडांच्या मेंदूतली वीज नोंदवली. आज उंदराच्या पंजाला मुद्दाम सूज आणून मेंदूतल्या लहरी मोजतात. सेकंदाला ४ ते ८ वेळा उठणारी संथ लय आणि ३० हून जास्त वेळा उठणारी वेगवान लय, दोन्हींचा जोर दुखण्यात बदलतो. पण लय भीतीनेही बदलते, झोपेनेही. तेव्हा नुसत्या लहरीवर वेदना तोलता येत नाही.

मग पक्का पुरावा मिळेपर्यंत जुंपत राहायचं का? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारताना स्पष्ट केलं, की सांगता येत नाही म्हणून वेदना नाहीच असं ठरत नाही. माणसाचं काय अन् जनावराचं काय. आपल्याकडे तर १९६० च्या कायद्यानेच जखमेमुळे कामाला नालायक झालेलं जनावर राबवणं गुन्हा ठरवलंय.

पण कायद्याला वाफसा कळत नाही. पाऊस उघडला, रान वाफशावर आलं, आता पेरलं नाही तर हंगाम गेला. अन् नेमका तेव्हाच खांदा सुजलेला. ट्रॅक्टरच्या भाड्याला पैसे नाहीत. अशा माणसाला निर्दयी म्हणणं सोपं आहे. त्याची अडचण खरीच असते. फक्त तिने बैलाचं दुखणं कमी होत नाही. आजोबा अशा वेळी सावडीने शेजारच्याचा बैल आणत आणि अंगमेहनतीने फेडत. म्हणजे बैलाच्या दुखण्याची किंमत माणूस आपल्या अंगावर घेई. मला दया म्हणजे एवढीच वाटते. बाकी नुसती हळहळ.

आणि तो उंदीर? एका मुक्याचं दुखणं कळावं म्हणून दुसऱ्या मुक्याला दुखवलं गेलं. ते योग्य की अयोग्य, यावर माझं मन अजून ठरत नाही. पण त्यातून जे कळलं ते बैलाच्या खांद्यापर्यंत पोचलं नाही, तर उंदराचं दुखणं फुकट गेलं, हे नक्की.